ओळ झाका, मग फोटो पाहा

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातल्या आमच्या पेपरच्या फोटो डेस्कवर चहा थंडच प्यायचा असतो. १९५३च्या नागपूर करारामुळं सरकार डिसेंबरात इकडं येतं आणि त्याच्या मागोमाग अख्ख्या महाराष्ट्राची गाऱ्हाणी येतात. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस ते अडवतात, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडं एकसारख्या दिसणाऱ्या फोटोंचा ढीग साचतो. झेंडे, बॅरिकेड, उंचावलेले हात. त्यातून पानाला एक निवडायचा, हे माझं काम.

त्या वर्षी डेस्कवर एक शिकाऊ मुलगी आली होती, पवनीकडची. वडील काळीपिवळी चालवायचे. हुशार होती, पण सगळ्या नव्या पोरांना असते ती सवय तिलाही होती: आधी फोटोओळ, म्हणजे फोटोखालची माहिती, वाचायची, मग फोटोकडं नजर टाकायची, आणि ओळीत जे लिहिलंय तेच फोटोत सापडलं म्हणून समाधान मानायचं.

म्हणून मी ओळीवर कागद ठेवला. ‘काय दिसतं ते सांग.’

‘चिडलेले शेतकरी.’

‘शेतकरी कशावरून?’

‘टोप्या आहेत ना, सर.’

‘टोपी तर माझ्या मामाच्याही डोक्यावर असते, तो पोस्टात होता. आणि चिडलेले कशावरून?’

‘तोंडं उघडी आहेत.’

‘घोषणा देताना उघडतं तोंड. जांभई देतानाही उघडतं.’

ती हसली, मग पुन्हा सांगायला लागली. रस्ता. पंधरावीस माणसं. बहुतेक पुरुष. पुढं बांबूचा अडथळा. उजवीकडं पोलिसाचा खांदा. उन्हाची तिरीप. एवढंच. उरलेलं सगळं ओळीनं घातलेलं होतं.

दुपारी आमचा फोटोग्राफर, ज्याला सगळं ऑफिस भाऊ म्हणतं, एकाच मोर्चाचे दोन फोटो घेऊन आला. एक बॅरिकेडजवळून लांब पल्ल्याच्या लेन्सनं काढलेला: डोक्याला डोकं, झेंड्याला झेंडा, रस्ता तुडुंब. दुसरा बाजूच्या इमारतीच्या गच्चीवरून: तेच झेंडे, तोच बॅनर, पण मध्ये मध्ये मोकळा डांबरी रस्ता, माणसं घोळक्याघोळक्यानं. दोन्हींत अंतर जेमतेम दहा मिनिटांचं.

‘यातला खरा कोणता?’ मुलीनं विचारलं.

‘दोन्ही मीच काढले, पोरी,’ भाऊ म्हणाला. ‘खोटा काऊन काढू?’

आमच्या धंद्यात लोक पहिला संशय फोटोशॉपवर घेतात. तसे किस्से आहेत, नाही असं नाही. नॅशनल जिऑग्राफिकनं फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी आडव्या फोटोतले गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवून तो उभा केला होता, तेव्हा फोटोशॉप जन्मालाही आलं नव्हतं. २००६ मध्ये रॉयटर्सला बैरूतच्या धुराचा एक फोटो मागं घ्यावा लागला, कारण धुराचे तेच तेच लोट नक्कल करून पुन्हा चिकटवलेले लोकांनी ओळखले. पण असं रोज घडत नाही. रोज घडतं ते भाऊच्या पहिल्या फोटोसारखं. एक बिंदूसुद्धा बदललेला नाही, तरी पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो तो मोर्चा रस्त्यावर नव्हताच.

आम्ही लेन्सला दोष देतो, पण ही करामत उभं राहण्याच्या जागेची असते. पहिल्या रांगेपासून पाच मीटरवर उभं राहिलात, तर तिच्या वीस मीटर मागचा माणूस तुमच्यापासून पाचपट दूर असतो. म्हणून तो पुढच्याच्या एक पंचमांश उंचीचा दिसतो आणि मधली मोकळी जागा डोळ्यांत भरते. शंभर मीटरवर जाऊन उभं राहा. आता मागचा माणूस पुढच्याच्या सव्वापटही दूर नाही. दोघं जवळजवळ सारख्या उंचीचे दिसतात आणि मधला रस्ता गडप होतो. लांब लेन्स एवढंच करते, की त्या दूरच्या तुकड्याला मोठं करून चौकट भरून टाकते. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कच्या दोन फोटोग्राफरांनी मुद्दाम हाच प्रयोग केला. कोरोनाचे दिवस होते, लोक अंतर पाळतात का यावर वाद चालू होता. त्यांनी तीच माणसं रुंद आणि लांब अशा दोन्ही लेन्सनी टिपली. एका चौकटीत नियम पाळणारे नागरिक, दुसरीत बेफिकीर गर्दी.

आम्ही गच्चीवरचा फोटो घेतला आणि ओळीत वेळ व ठिकाण टाकलं. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा फोन आला. ‘आमची माणसं कमी करून टाकली तुम्ही!’ त्यांनीही त्या दुपारी स्वतःहून एक फोटो पाठवला होता, तो मात्र मी लगेच बाजूला सारला होता. त्यात माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झालेल्या होत्या. नागपुरात डिसेंबरात भर दुपारी बारालाही सावली माणसाएवढीच लांब पडते, कारण सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर फारसा चढतच नाही. पायाशी गोळा होणारी सावली इथं मेच्या अखेरीस नाहीतर जुलैच्या मध्यावर. मोर्चा त्यांचाच असेल, पण त्या दिवशीचा नव्हता.

ही सगळी दुपारची गोष्ट. संध्याकाळी वाघ आला.

डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं सोडायची वेळ आणि व्हॉट्सअॅपवर एकाच फोटोचा पाऊस: ‘मिहान परिसरात आज पहाटे वाघ.’ झुडपांच्या कडेनं चालणारा वाघ, मागं झाडं, कोपऱ्यात एका गाडीचा पुढचा भाग. हे खरं वाटायला कारणही होतं. मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या या औद्योगिक भागात, २०१९ मध्ये वाघ खरोखरच येऊन गेला होता. त्यामुळं ‘मिहान’ आणि ‘वाघ’ हे दोन शब्द शेजारी दिसले की नागपूरकर पुढं काही विचारत नाही. आमचे वृत्तसंपादकही विचारायला तयार नव्हते. ‘चार कॉलम ठेव,’ म्हणाले, ‘दुसरे तर लावूनच राहिले.’

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख-वेळ उरत नाही, पाठवताना ती गळते. म्हणून आम्ही वार्ताहरांना नेहमी सांगतो, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण हा फोटो ‘मित्राच्या मित्रानं’ काढला होता, आणि तो मित्र काही सापडेना. इंटरनेटवर चित्रावरून चित्र शोधून पाहिलं, काही हाती लागलं नाही. कधीच कुठं आला नसेल, तर नवाच असणार, असा युक्तिवाद सुरू झाला.

मुलगी तोवर ओळीवर तळहात ठेवून स्क्रीनकडं पाहत बसली होती.

‘सर, या गाडीत ड्रायव्हर डावीकडं काऊन बसला?’

आम्ही सगळे वाघाकडं पाहत होतो. काळीपिवळीच्या पुढच्या सीटवर लहानाची मोठी झालेली पोरगी स्टिअरिंगकडं पाहत होती. गाडी उघडी जिप्सी होती, जंगल सफारीला असते तशी, आणि तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. म्हणजे फोटो आरशात पाहावा तसा उलटा केलेला होता. जुना फोटो शोधात सापडू नये म्हणून ही युक्ती करतात, आणि पुष्कळदा ती चालूनही जाते. आम्ही तो सुलटा केला आणि परत शोधलं. काही वर्षांपूर्वीचा, एका पर्यटकानं टाकलेला फोटो समोर आला. तोच वाघ, तीच जिप्सी.

तरीही मी वनखात्यातल्या ओळखीच्या एका साहेबांना दोन्ही प्रती पाठवल्या. त्यांनी वाघाच्या आधी झाडं पाहिली. ‘ही सालाची झाडं आहेत. आपल्याकडं साग. हे मध्य प्रदेशात, कान्ह्याच्या बाजूचं असेल.’ मग पट्ट्यांवर आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरचेही वेगळे. म्हणून तर वाघांच्या गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना आमनेसामने कॅमेरे लावतात. २०१८च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास फोटो काढले, त्यांत वाघाचे होते ७६,६५१. ते संगणकावर पट्ट्याला पट्टा लावून जुळवले गेले.

‘उलटा केलेला वाघ,’ साहेब म्हणाले, ‘कुठल्याच नोंदीत सापडत नाही. कारण तसा वाघ जगात नसतो.’

मला मौज वाटली ती त्यांच्या कामाची. त्यांच्या प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याची जागा, दिवस, वेळ, समोरचा जोडीदार कॅमेरा, सगळं चिकटलेलं असतं. फोटो एकटा कधी साक्षीला येतच नाही. आमच्याकडं मात्र तो एकटाच येतो, आणि कुणीतरी रस्त्यात त्याच्या गळ्यात ओळ अडकवलेली असते.

चार कॉलम मोकळे झाले. तिथं कांद्याच्या लिलावाची बातमी गेली, वृत्तसंपादक दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. सकाळी वाचकांचे फोन सुरू झाले: वाघ दाबला काऊन? कुणाचा दबाव? खापरीच्या एका काकांना मी स्टिअरिंगचं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण वाघ तर वाघच आहे ना?’

पुढच्या आठवड्यात तोच वाघ हिंगण्यात निघाला, तसाच उलटा. मुलीनंच मला मोबाइल दाखवला. या वेळी कोपऱ्यातली जिप्सी कुणीतरी कापून टाकली होती. झाडं तेवढी राहून गेली होती.