तुम्ही विचारलंत म्हणून : कॅल्शियम चालू असताना मणका दबतोच कसा?

फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत सत्तरीच्या पुढच्या स्त्रिया बऱ्याच असतात, आणि सोबत आलेली मुले-सुना एक्स-रे पुढे करत बहुधा हेच विचारतात : "आईंना कॅल्शियम इतकी वर्षे चालू आहे, डी जीवनसत्त्वाची पुडीही देतो, तरी मणका दबला कसा? आता पुढचा दबू नये म्हणून आणखी कोणती गोळी सुरू करायची?" याचे उत्तर उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हात मोडतो तसा मणका मोडत नाही. ठिसूळ झालेल्या मणक्याची पुढची बाजू ओझ्याखाली दबते आणि तो पाचरीसारखा होतो. त्यासाठी पडावेच लागते असे नाही. भरलेली बादली उचलताना, पलंगाखालची पेटी ओढताना, एखादीला तर जोराच्या शिंकेनेही हे होते. सुमारे दोन-तृतीयांश वेळा त्याचे निदानच होत नाही, कारण "कंबर धरली" म्हणून मलम चोळले जाते आणि विषय संपतो. साडी किंवा गाऊन पायात येऊ लागला, तरुणपणीच्या मानाने उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली, तर पाठ दुखत नसली तरी एक्स-रे काढून घ्यावा. एक मणका दबल्यावर दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ एकीचा दुसरा मणका वर्षभरात दबतो, त्यामुळे "आता वयच झाले" म्हणून स्वस्थ बसणे परवडत नाही.

आता गोळ्यांविषयी. अमेरिकेत छत्तीस हजारांहून अधिक स्त्रियांना कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व किंवा नुसतीच दिसायला तशी गोळी देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात, २००६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, फ्रॅक्चर लक्षणीय कमी झाली नाहीत, मूतखडे मात्र वाढले. तिथेच २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत सुमारे सव्वीस हजार स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज २,००० युनिट डी दिले गेले, आणि तेथेही फरक पडला नाही. याउलट १९९२ साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतील, सरासरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या स्त्रियांना दोन्ही पूरके दिल्यावर खुब्याची फ्रॅक्चर ठळकपणे कमी झाली. या स्त्रिया उन्हात जात नव्हत्या आणि त्यांच्या शरीरात दोन्हींची चणचण होती. म्हणजे उणीव असेल तर ती भरून काढणे आवश्यकच आहे. पण उणीव नसलेल्याला जास्तीची गोळी देऊन हाड अधिक बळकट होत नाही.

उणीव आपल्याकडे पुष्कळांना असते, हेही खरे. ऊन मुबलक असूनही घरात वावरणाऱ्या आज्यांच्या अंगावर ते पडतच नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दोन पेले दूध, नाचणीची एक भाकरी आणि वाटीभर दही मिळून साधारण साडेसातशे ते आठशे मिलिग्रॅम होतात; राहिलेल्या उणिवेपुरती गोळी पुरते, आणि कार्बोनेट प्रकारची असेल तर ती जेवणासोबत घ्यावी. थायरॉइडची गोळी असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. साठ हजार युनिटांची पुडी काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते, ती संपली की केमिस्टकडून परस्पर पुन्हा आणण्याची पद्धत मात्र मला अजिबात पसंत नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट एकदम दिले गेले, तेव्हा त्यांचे पडणे आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढली.

व्यायामाविषयी विचारले की "रोज चालते ना" हे उत्तर तयार असते. चालावे जरूर, पण मणक्याच्या दृष्टीने पाठीचे, म्हणजे पाठ मागे ताणून धरणारे स्नायू महत्त्वाचे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील १९८४ सालचा एक अभ्यास मी वारंवार सांगते. ठिसूळ हाडांच्या ५९ स्त्रियांपैकी काहींनी पाठ मागे ताणण्याचे, तर काहींनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले. मणके नव्याने दबल्याचे प्रमाण पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात ८९ टक्के आणि काहीच न केलेल्यांत ६७ टक्के निघाले. अभ्यास लहान आणि जुना आहे, त्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. तरी चुकीचा व्यायाम हा काहीच न करण्याहून वाईट ठरू शकतो, हे त्याने दाखवून दिले. म्हणूनच ज्येष्ठांच्या योगवर्गात सरसकट घेतली जाणारी पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि हलासन ही आसने हाडे ठिसूळ असलेल्यांनी सोडावीत. सूर्यनमस्कारातले पुढे वाकणेही त्यातच आले. शिक्षकांना वाईट वाटेल म्हणून वाकत राहणाऱ्या आज्या मी पाहते.

मी शिकवते ते साधे आहे. पोटाखाली उशी घेऊन पालथे पडावे, हात अंगालगत ठेवावेत, नजर जमिनीकडेच ठेवून छाती चार बोटे उचलावी, पाच अंक मोजावेत आणि हळूच खाली यावे. श्वास रोखू नये. पाठीला पोक आल्याने पालथे पडता येत नसेल, तर खुर्चीत ताठ बसून कोपरे मागे नेत खांद्याची पाती एकमेकींकडे ओढावीत. अंथरुणातून सरळ उठून बसू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे. बादली अर्धीच भरावी आणि कमरेतून न वाकता गुडघे व खुबे दुमडून, अंगाजवळ धरून उचलावी. ओट्याला हात टेकून एका पायावर उभे राहण्याचा सरावही हवा, कारण तोल सुटला की बाकीचे सगळे फुकट जाते.

एवढे करूनही, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती, हे सांगणारा आकडा) उणे अडीच किंवा त्याखाली असेल, अथवा एक मणका आधीच दबलेला असेल, तर पूरके आणि व्यायाम पुरे पडत नाहीत. तिथे खरे औषध लागते. वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ साली सिद्ध झाले आहे. डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचे सहामाही इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख चुकवू नये, कारण ते थांबताच एकापाठोपाठ एक मणके दबल्याची उदाहरणे आहेत. आणि मणका नुकताच दबला असेल, तर वरचे व्यायाम डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरू करावेत. पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर माझ्याकडे न येता थेट रुग्णालय गाठावे.