चौथीच्या वर्गाला रस्त्यावरची चित्रकला शिकवताना

चित्रकलेच्या तासाला रस्त्यावरच्या कलेचा विषय घ्यायचे ठरवल्यावर रंगांपेक्षा अधिक विचार मला परवानगीच्या प्रश्नाचा करावा लागला. ‘भिंतीवर काढायचे नाही’ असे या वयाच्या मुलांना घरीदारी बजावलेले असते, आणि ज्या कलावंतांची चित्रे मी त्यांना दाखवणार होतो, त्यांतील अनेकांनी नेमके तेच केले होते. ही विसंगती झाकण्याऐवजी तीच चर्चेला घ्यावी, असे मला वाटले.

सुरुवात अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगपासून केली, कारण त्याच्या जाड रेषेच्या आकृत्या मुलांना सहज काढता येतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद चिकटवलेला असे. १९८०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत तो त्यावर पांढऱ्या खडूने झरझर चित्रे काढत असे आणि त्यापायी अनेकदा पोलिसांच्या हाती सापडत असे. १९८६मध्ये परवानगीशिवाय रंगवलेल्या व्यसनविरोधी भित्तिचित्राबद्दल त्याला दंड झाला, आणि पुढे त्याच भिंतीवर पुन्हा रंगवण्याची मुभा त्याला शहरानेच दिली. चित्र चांगले होते तर दंड कशासाठी, असे एका मुलीने विचारले. त्यावर, भिंत आपल्या घराची असती तर, हा प्रश्न मागच्या बाकावरून आला आणि उरलेला तास त्यातच गेला. मी निवाडा दिला नाही. बर्लिनच्या भिंतीच्या सुमारे १.३ किलोमीटर लांब भागावर १९९०मध्ये अनेक देशांच्या चित्रकारांनी केलेले काम दाखवल्यावर मात्र परवानगी घेऊनही धीट चित्रे काढता येतात, हे मुलांना पटले.

पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या रस्त्यावरच्या चित्रकाराने आणि नंतर इंग्लंडच्या बँक्सीने स्टेन्सिल (आकार कापून काढलेला कागद, ज्याच्या छिद्रांतून रंग भिंतीवर उमटतो) का वापरले, हे मुलांनी स्वतःच ओळखले: वेळखाऊ कापाकापी घरी उरकते आणि भिंतीपाशी थोडाच वेळ थांबावे लागते. (हे उत्तर देताना त्यांचे डोळे जरा जास्तच चमकले.) वर्गाने ‘वाचत राहा’ हे शब्द निवडले. जाड कागदात ते कापताना ‘व’ आणि ‘च’ यांच्या पोटातले तुकडे निखळून पडू लागले; ते जागेवर राहण्यासाठी मध्ये अरुंद पट्टी सोडावी लागते, हे कोणत्याही स्पष्टीकरणाआधी त्यांच्या लक्षात आले. स्प्रेचे डबे मी वर्गात आणले नाहीत, कारण त्यांची वाफ मुलांच्या श्वासात जाणे योग्य नाही. पाण्यात मिसळणारा रंग जवळजवळ कोरड्या स्पंजने टिपला, तर तो कागदाखाली पसरत नाही आणि कडाही स्वच्छ उमटतात.

चित्र मोठे करण्यासाठी कागदावर एक सेंटिमीटरच्या आणि भिंतीवर दहा सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या. रंग दहापट लागेल, असे बहुतेकांनी सांगितले होते. एका मोठ्या चौकटीत छोट्या शंभर मावतात हे मोजून पाहिल्यावर गणिताचा एक धडा आपोआप झाला.

भिंतीसाठीचा अर्ज मुलांनीच लिहिला आणि तो एका अटीवर मंजूर झाला: वर्षभराने भिंतीला चुना लावून ती पुढच्या वर्गाला द्यायची. रस्त्यावरच्या बहुतेक चित्रांच्या वाट्याला हेच येते, असे मी सांगितले. तरीही काही मुलांनी शाळेकडे मुदतवाढीचा दुसरा अर्ज दिला असून त्याच्या उत्तराची वाट पाहणे चालू आहे.