बर्लिनमधलं माझं रूटीन आणि एका सहीसाठी घालवलेले सहा आठवडे

बर्लिनमध्ये मास्टर्स करतेय म्हटलं की सगळे विचारतात, रोजचं रूटीन कसं असतं गं? पहिल्या दीड महिन्याचं खरं सांगू का, पावणेआठला उठायचं, चष्मा लावायच्या आधी लॅपटॉप उघडायचा आणि अपॉइंटमेंटचं पान रिफ्रेश करत बसायचं. लेक्चर, लायब्ररी वगैरे मधल्या वेळात.

जर्मनीत नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग म्हणतात तिला. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम आहे. पण तिच्याशिवाय माझं काहीच हलेना. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले होते, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, पण ते सुटायला इथलं चालू खातं लागतं आणि मी गेले त्या बँकेला आधी नोंदणीचा कागद हवा. म्हणजे पैसे माझेच आणि मीच मोजून मापून खर्च करतेय. व्हिसा, ॲडमिशन हे सगळं सुरळीत झालं होतं, त्यामुळे मी जरा हवेतच होते.

नोंदणीसाठी सरकारी ऑफिसची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते, आणि तिचं कॅलेंडर सगळं लाल. निळी तारीख दिसली तरच बुक होते, आणि ती दिसून क्लिक करेपर्यंत गेलेली असते. शहरात १२ जिल्हे आहेत आणि कुठल्याही जिल्ह्यातल्या ऑफिसात गेलं तरी चालतं, हे मला आठवडाभराने कळलं, तोपर्यंत मी येडी फक्त घराजवळचंच बघत होते! सगळी ऑफिसं एकदम निवडा. सकाळी लोक रद्द करतात तेव्हा स्लॉट सुटतात, मला तरी दोन्ही वेळा आठच्या आसपासच मिळाले.

पहिला मिळाला तीन आठवड्यांनी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. फाइल घेऊन गेले, स्क्रीनवर नंबर आला, आत गेले, आणि टेबलामागच्या बाईंनी माझं भाडेकरार असलेलं पान बाजूला सरकवून विचारलं, घरमालकाचं कन्फर्मेशन कुठंय? करार चालत नाही. वेगळा फॉर्म असतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हा शब्द मी आता झोपेतही म्हणू शकते. चार मिनिटांत बाहेर. येताना रिंगवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या लोकल ट्रेनच्या मार्गावर, एस ४१ च्या ऐवजी उलट दिशेच्या एस ४२ मध्ये बसले आणि उलट्या बाजूने अख्ख्या शहराला वळसा घालून घरी, पूर्ण फेरीला तासभर लागतो, तेवढा वेळ खिडकीतून बघत नुसती धुसफुसत होते.

तर तो फॉर्म. मी खोली घेतली होती ती मूळ भाडेकरूकडून, तो त्याच फ्लॅटमध्ये राहतो. सही त्याची चालते. पण विषय काढला की 'हो हो, वीकेंडला बघू'. मी किचनमध्ये आले की हा कानात हेडफोन घालायचा. मला वाटतं पोटभाडेकरू ठेवायची परवानगीच त्याने मालकाकडून घेतली नसावी. दोन आठवडे मी गोड बोलत राहिले, ही माझी चूक. शेवटी वाचलं की हा फॉर्म देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कोणी नाही म्हणालं तर आपण ते लगेच ऑफिसला कळवायचं असतं. तेवढं एकच वाक्य शांतपणे त्याला मेसेज केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किचनच्या टेबलावर फॉर्म, सहीसकट. फक्त राहायला आल्याची तारीख रिकामी! आणि साहेब रात्री अकराला उगवले. त्यामुळे खोली बघायला जाल तेव्हाच, डिपॉझिट द्यायच्या आधी, विचारा की नोंदणी होईल ना. 'बघू' म्हणाला तर सरळ दुसरी खोली बघा.

बाकी दिवस तसा साधाच. टाइमटेबलमध्ये १० लिहिलं असेल आणि पुढे सी.टी. असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, पहिल्या आठवड्यात मी रिकाम्या वर्गात एकटीच बसलेली. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सामान. डिसेंबरात चार वाजता अंधार.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा खरंच दहा मिनिटांत झालं. हो, फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो गंमत म्हणून भरू नका, चर्चचं नाव लिहिलं तर पगारातून चर्च टॅक्स कापला जातो. दोन आठवड्यांची मुदत कधीच उलटली होती, म्हणून मी दंडाच्या भीतीने अपॉइंटमेंटच्या सगळ्या मेलची प्रिंट नेली होती, कोणी विचारलंही नाही.

आणि एक राहिलंच, लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव चिकटवा. इथे फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो, आणि ११ आकडी टॅक्स नंबर पोस्टानेच येतो. मी वहीच्या कागदावर नाव लिहून सेलोटेपने लावलं होतं, मूळ भाडेकरूच्या नावाच्या बरोब्बर वर. अजून तसंच आहे.