तुम्ही विचारलंत म्हणून: अजून डिंडोलीलाच का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी खानदेशात आलो की अमळनेर स्टेशनपासून कोणी ना कोणी विचारतंच, "सुरतमधे एवढी वर्षं काढली, तरी अजून डिंडोलीच्या कामगार वस्तीतच? आपल्याच माणसांत घोळका करून? तापीपलीकडं अडाजणच्या सोसायट्यांत का नाही जात?" म्हणून एकदाचं लिहितोय.

आपली ताप्ती लाईन, म्हणजे जळगाव-अमळनेरकडून येणारी रेल्वे, सुरतमधे उधन्याला मुंबईच्या लाईनीला मिळते. आपला माणूस तिथं उतरला, पांडेसराच्या कापड मिलमधे नाहीतर लूमच्या खात्यात (यंत्रमागाच्या कारखान्यात) लागला आणि बारा तासांच्या पाळीला पायी जाता येईल अशी खोली बघितली. ज्यानं काम लावून दिलं त्याच्याच ओळखीनं खोली. उधना, लिंबायत, डिंडोली अशीच भरत गेली, आणि तुम्ही म्हणता आम्ही घोळका करून राहतो.

मी पण निघालो होतो की. कापड मार्केटला हिशोबाचं काम लागलं, पगार बरा झाला, तेव्हा अडाजणला भाड्याचा वन बीएचके पाहिला. बायकोला गॅलरी आवडली, पोरीनं अभ्यासाचं टेबल कुठं ठेवायचं ते पण ठरवून टाकलं. टोकन दिलं. संध्याकाळी दलालाचा फोन, नॉनव्हेज खाता का? म्हटलं घरात नाही करणार. मग आडनाव विचारलं, गाव विचारलं, भाऊ काय करतो. लूमवर आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी पैसे परत, "सोसायटीवाळा ना पाडे छे," म्हणजे सोसायटीवाले नाही म्हणतात. बस एवढंच. कारण विचारलं तर फोन कट. पोरगी विचारत राहिली आपण काय केलं, बायको तिला सांगत होती तिकडं पाणी कमी येतं, आणि मला तिथं उभं राहवेना.

पुढं 2017 च्या जुलैमधे जीएसटीविरुद्ध मार्केट बंद पडलं, पगार थांबला. घरमालक शिंदखेड्याकडचे आबा, भाडं मागायला नाही तर सांगायला आले, "काम लागनं का देजो." अडाजणला कोणी थांबलं असतं का, तुम्हीच सांगा.

तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो, आपल्याला आपलीच वस्ती बरी. आता तेवढं छातीठोक नाही म्हणवत. पावसाळ्यात लिंबायतकडं खाडीचं पाणी घरात शिरतं, आणि ओळखीनं मिळालेलं काम सोडताना त्याच ओळखीची भीड पडते, हे पण खरंच आहे.

पोरगी आता वेसूला ऑफिसात जाते आणि तिकडंच भाड्यानं बघू म्हणते. बघ म्हटलंय, पण टोकन द्यायच्या आधी सोसायटीवाल्यांना स्वतः भेट, दलालाच्या भरवशावर राहू नको.