भावाला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवलं, त्या तक्रारीचा माझा अनुभव

तालुका कोर्टाबाहेर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा हेच दिवसभर बडवत असते, त्यामुळे कागदाची भीती मला नव्हती. पोलिसांची होती, चारचौघांना असते तेवढी. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून काही असतं हे आमच्या कोर्टातल्या बऱ्याच वकिलांनाही धड माहीत नव्हतं. आमच्या प्रकरणात काय कामाला आलं आणि काय नाही, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. गावाचं, ठाण्याचं, साहेबांचं नाव घेत नाही, कारण एक खटला अजून चालू आहे.

माझा धाकटा भाऊ पिकअप चालवतो. गाडीसाठी त्याने ओळखीतल्या एका माणसाकडून व्याजाने पैसे उचलले होते. मुद्दल कधीच फिटली होती, व्याज काही संपत नव्हतं. त्या माणसाने ठाण्यात ‘माझी फसवणूक केली’ असा साधा अर्ज दिला. गुन्हा दाखल नाही, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंदसुद्धा नाही. पोलिसांच्या बोलीत याला ‘अर्ज चौकशी’ म्हणतात, आणि वसुलीची कामं बहुतेक याच दारातून आत येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका दुपारी हवालदाराचा फोन आला, "साहेबांनी बोलावलंय, सही करून जा, दोन मिनिटांचं काम आहे." भाऊ गेला आणि अंधार पडला तरी परतला नाही. फोन बंद.

मी ठाण्यात गेले तेव्हा तो ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या बाकड्यावर बसला होता. पायात चप्पल नव्हती. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी विचारलं, "याला कशासाठी बसवलंय?" ठाणे अंमलदार म्हणाले, "बसवलेला नाही ताई, बसलाय." मग घेऊन जाते म्हटलं तर, "साहेब आल्याशिवाय कसं सोडणार?" ही दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटलंही नाही.

मी मोबाइल काढून फोटो घेतला. एक महिला शिपाई धावत आली, "इथे फोटो काढणं गुन्हा आहे, गुपित कायदा लागतो." तो लागत नाही. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं आहे की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. मी एवढंच म्हटलं, "लागतो तर लावा." आतून पाय लटपटत होते. तिने मला बाहेर काढलं, पण फोटो राहिला.

रस्त्यावर उभी राहून ओळखीच्या वकीलताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ११२ ला फोन कर. मला हसूच आलं. पोलिसांनी डांबलं म्हणून पोलिसांनाच फोन करायचा? शिवाय ११२ ची गाडी येणार ती याच ठाण्याची. त्या म्हणाल्या, "येऊ दे. कॉलची नोंद वर होते, या ठाण्याच्या हातात ती नाही. आणि गाडीवाल्यांना काय केलं ते लिहून कॉल बंद करावा लागतो." मी फोन केला. गाडी आली, म्हणजे ठाण्याच्या आवारातच उभी होती ती दहा पावलं पुढे आली. आतला जमादार मला चार शब्द सुनावून परत गेला. त्या वेळी तो सगळा फार्स वाटला होता. पुढे संपूर्ण प्रकरण त्याच फोनवर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा त्याला सोडलं. तो तळव्यांच्या कडांवर चालत होता. पट्ट्याने तळपायांवर मारलं होतं. तिथे मारलं की वळ दिसत नाहीत हे मारणाऱ्यांना पाठ असतं. एका कोऱ्या धनादेशावर आणि शंभरच्या स्टॅम्पवरच्या ‘समजुतीच्या करारनाम्या’वर त्याची सही घेतली होती. करारनाम्याची एक प्रत त्यालाही दिली होती, सगळं रीतसर झालं म्हणून.

ग्रामीण रुग्णालयात गेलो तर ‘पोलीस यादी आणा’ म्हणाले. म्हणजे ज्यांनी मारलं त्यांच्याकडूनच चिठ्ठी आणायची. असं काही लागत नाही, डॉक्टर स्वतःहून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमांची वैद्यकीय नोंद, करू शकतात. पण तिथे वाद घालत बसलो असतो तर सूज उतरली असती. थेट जिल्हा रुग्णालय गाठलं. तिथल्या अपघात विभागातल्या डॉक्टरबाईंनी काही न बोलता तपासलं आणि लिहिलं: दोन्ही तळपायांना सूज, स्पर्शवेदना, पोलिसांनी मारहाण केल्याचे रुग्णाचे म्हणणे. त्याच दिवशी मी पोलीस अधीक्षकांना ईमेल केला आणि तोच मजकूर पोहोचपावतीसह रजिस्टर पोस्टानेही टाकला. त्यात मागणी एकच: अमुक दुपारपासून तमुक दुपारपर्यंतचं ठाण्यातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण जतन करून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष इथे कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष, ठेवायला सांगितलं आहे. तो उतारा मी शब्दशः घातला.

अधीक्षक कार्यालयाने चौकशी लावली, ती आमच्याच उपविभागात. जबाब घेतले, भावाला दोनदा ‘मिटवून टाका’ सांगितलं, आणि ‘तक्रारीत तथ्य आढळून येत नाही’ असं पत्र आलं. या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळीकडे हे असंच होतं. पण ते पत्र जपून ठेवा, पुढे जोडायला लागतं.

मग माहिती अधिकार. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द हा नियम आहे, म्हणून मी तीन वेगळे अर्ज केले, प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पहिल्यात ठाणे दैनंदिनीच्या, म्हणजे स्टेशन डायरीच्या, त्या दोन दिवसांच्या पानांच्या प्रती. दुसऱ्यात चित्रण. तिसरा नियंत्रण कक्षाला: माझ्या नंबरवरून ११२ ला गेलेल्या कॉलची नोंद आणि त्यावरचा कार्यवाही अहवाल.

चित्रणाला उत्तर आलं, ‘तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही’. बिघाड कधी कळवला, दुरुस्तीला कोणाला पत्र दिलं, ते अपिलात मागितलं, तर त्याचंही काही रेकॉर्ड नव्हतं. डायरीची पानं मिळाली. दोन्ही दिवशी माझ्या भावाचं नाव कुठेच नाही. तो आला नाही, बसला नाही, गेला नाही. मला आधी धक्का बसला, की आता सिद्ध काय करायचं? वकीलताई मात्र खूश. "मार सिद्ध करायला साक्षीदार लागतील आणि ते सगळे खाकीत आहेत. नोंद नाही, हे त्यांनी स्वतः लिहून दिलंय. तो तिथे होता एवढं तू दाखव, बाकीचं आपोआप होतं."

तिसऱ्या अर्जाचं उत्तर नियंत्रण कक्षातल्या कुणी तरी सरळ मनाने दिलं असावं. कॉल रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी. कार्यवाही: ‘सदर इसम अर्ज चौकशीकामी पोलीस ठाणे येथे हजर आहे. तक्रार नाही.’ आमच्याच ठाण्याने लिहिलेलं. तो कागद हातात घेऊन मी दुकानातच खाली बसले. गिऱ्हाईक म्हणत होतं, मॅडम प्रिंट, आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

प्राधिकरणाबद्दल थोडं सांगते. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली. आपल्याकडे २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम २२-पी वगैरे घातली गेली, आणि राज्यस्तरावर एक व महसुली विभागांसाठी विभागीय अशी रचना ठरली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर दुरुपयोग असल्या तक्रारी तिथे चालतात. स्वतः पीडिताने किंवा घरच्यांनी केली तरी चालते. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, वकील लागत नाही. आम्हाला मात्र वकीलताई होत्या, आणि त्यांनी फी घेतली नाही हे इथे नोंदवते.

तक्रार लिहिताना आमचं भांडण झालं. भावाचा आग्रह, माराबद्दल पहिल्या ओळीत लिही. साहजिक आहे, सोसलं त्याने. वकीलताईंनी क्रम उलटा लावला: आधी बेकायदा थांबवून ठेवणं, मग धनादेश आणि करारनामा, मार शेवटी. भाऊ दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

करारनामा नीट बघताना मला एक गोष्ट दिसली, ती वकिलाला दिसली नसती. स्टॅम्प आमच्याच आवारातल्या विक्रेत्याकडचा, माझ्यापासून दोन टपऱ्या पलीकडे बसतात ते. मागच्या शिक्क्यावर अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव: सावकाराचं. त्याच सकाळी मी एका गिऱ्हाइकाचं प्रतिज्ञापत्र टाइप केलं होतं, त्याच्या स्टॅम्पचा अनुक्रमांक याच्या पुढचा होता. म्हणजे हवालदाराचा दुपारचा फोन यायच्या कितीतरी आधी, सकाळीच, ‘समजुती’चा कागद विकत घेऊन झाला होता. विक्रेत्याच्या नोंदवहीची प्रत मिळवून तीही जोडली.

सुनावण्या सुरू झाल्या की दम लागतो. तारीख पडते, समोरचे बंदोबस्तात असतात, पुन्हा तारीख. मधल्या काळात ‘बघून घेऊ’ कुणी म्हणालं नाही, पण भावाच्या पिकअपला अचानक फार दंड व्हायला लागले. ठाण्यातल्या फौजदारसाहेबांनी, म्हणजे उपनिरीक्षकांनी, लेखी म्हणणं दिलं: गैरअर्जदारास दुपारी चौकशीस बोलावले, जबाब घेऊन सायंकाळी सहा वाजता सोडून दिले, अटक केलेलीच नाही. अटक नाही तर चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे हजर करण्याचा प्रश्न नाही, अटकेचा पंचनामा नाही, नातेवाइकांना कळवणं नाही. ही पळवाट जुनीच आहे. अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. हजर राहण्याची लेखी नोटीस कुठे आहे? आणि सहा वाजता सोडलेला माणूस पावणेबारा वाजता तुमच्याच अहवालात ठाण्यात हजर कसा? फौजदारांनी वकिलाकडे बघितलं. वकिलाने कागद चाळले. माझा फोटो दाखवायची वेळ आली तेव्हा त्याच्याबद्दल कुणी फारसं विचारलंही नाही.

निर्णयात लिहिलं: कार्यपद्धती न पाळता थांबवून ठेवल्याचे सिद्ध, दिवाणी स्वरूपाच्या व्यवहारात अधिकाराचा दुरुपयोग सिद्ध, मारहाण पुराव्याअभावी सिद्ध नाही. तळपायांची सूज इतर कारणांनीही येऊ शकते म्हणे. विभागीय चौकशीची शिफारस. लक्षात घ्या, प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, अहवाल पाठवतं. पुढे काय झालं ते विचारायला मी पुन्हा माहिती अधिकारात अर्ज केला, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार. शिस्तभंगाची कागदपत्रं वैयक्तिक असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे, तो पुढे करतात. अखेर पाठपुराव्याच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं: फौजदारांची एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली, हवालदारांना सक्त ताकीद. ज्या निरीक्षकांच्या नावाने ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हटलं होतं त्यांच्याबद्दल अक्षर नाही. मला हे कमी वाटतं. २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत मारलेल्या तरुणाचा मृतदेह पोलिसांनीच आंबोलीत नेऊन जाळल्याचं प्रकरण आठवलं, की आमचा भाऊ घरी चालत आला हेच पुष्कळ म्हणणारे भेटतात. मला हा हिशेब पटत नाही.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदललेत, तेवढं ध्यानात ठेवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली हजर राहण्याची ४१-अ ची नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये आहे, चोवीस तासांचं बंधन कलम ५८ मध्ये. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर अधीक्षकांकडे १७३(४) खाली, आणि तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली.

तो कोरा धनादेश सावकाराने मोठा आकडा टाकून वटवायला लावला आणि परत आल्यावर कलम १३८ खाली, म्हणजे धनादेश न वटल्याची, आमच्यावर केस केली. ती आमच्याच कोर्टात चालू आहे. आम्ही सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे विनापरवाना सावकारीची तक्रार दिली आहे आणि प्राधिकरणाच्या निर्णयाची प्रमाणित प्रत खटल्यात दाखल केली आहे. सावकाराचा उलटतपास अर्धा झालाय. स्टॅम्प कुठल्या वेळी घेतला, या प्रश्नावर त्याने ‘आठवत नाही’ असं उत्तर दिलं. पुढच्या तारखेला स्टॅम्प विक्रेत्याला नोंदवहीसह साक्षीला बोलावलंय.