वादातून वगळलेले १९७६

लंडनच्या रिचमंडमधल्या एका पबच्या माडीवर दर महिन्याला जुन्या रॉक संगीताच्या श्रोत्यांची बैठक भरते. प्रत्येकाने एक रेकॉर्ड आणायची, ती सर्वांनी निमूटपणे ऐकायची आणि मग तिच्यावरून मनसोक्त भांडायचे, असा तिथला शिरस्ता आहे. मागच्या बैठकीत विषय होता तो या भागातला सनातन विषय : एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज या तिघांत श्रेष्ठ गिटारवादक कोण. माझी पाळी आली तेव्हा मी क्लॅप्टन यांच्या १९७६ सालच्या वर्णद्वेषी भाषणाचा उल्लेख केला आणि बैठक चालवणाऱ्या गृहस्थांनी अत्यंत सभ्य शब्दांत मला थांबवले. रेकॉर्डवर जे ऐकू येते त्याचीच चर्चा करायची, रेकॉर्डबाहेरचे काही इथे आणायचे नाही, असा नियम असल्याचे त्यांनी सांगितले. मी गप्प बसले. पण घरी आल्यावरही हा नियम मनातून जाईना, कारण त्याच संध्याकाळी तो माझ्या आधी इतरांनी मोडला होता आणि तेव्हा कोणी कोणाला अडवले नव्हते.

हा वाद इथे इतका हाडीमाशी का भिनला आहे, हे इथल्या नकाशावरून समजते. पेज यांचा जन्म हेस्टनचा. मी आठवड्याची भाजी आणि कढीपत्ता जिथून आणते तेच हे हेस्टन. बेक वॉलिंग्टनचे, क्लॅप्टन रिप्ली गावचे. तिघेही लंडनच्या नैर्ऋत्येच्या एका छोट्याशा पट्ट्यात, १९४४ आणि १९४५ या दोन वर्षांत जन्मले आणि तिघेही एकामागून एक यार्डबर्ड्‌स या एकाच बँडमध्ये वाजवून गेले. १९६५ च्या मार्चमध्ये बँड ब्लूज हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे संगीत सोडून पॉपकडे वळतो आहे या कारणावरून क्लॅप्टन बाहेर पडले. त्यांच्या जागी पेज यांना बोलावणे गेले. त्यांनी ते नाकारून आपल्या मित्राचे, म्हणजे बेक यांचे नाव सुचवले. पुढच्या वर्षी पेजही बँडमध्ये आले, काही महिने दोघे एकत्र वाजले आणि मग बेक बाहेर पडले. उरलेल्या यार्डबर्ड्‌सच्या राखेतून पेज यांनी १९६८ मध्ये लेड झेपलिन उभे केले. ज्या स्टेशन हॉटेलच्या मागच्या दालनात यार्डबर्ड्‌स जिथे वाजवत तो क्रॉडॅडी क्लब सुरू झाला, ते ठिकाण आमच्या बैठकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे बैठकीतल्या सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना हा इतिहास वाचलेला नसून घडताना पाहिलेला असतो.

या मंडळींचे मला मनापासून कौतुक वाटते. कोणत्या महिन्यात कोणत्या स्टुडिओत कोणती गिटार कोणत्या अँप्लिफायरला जोडली होती, हे ते न अडखळता सांगतात आणि चूक निघाली तर पुढच्या महिन्यात पुरावा घेऊन येतात. सवाईच्या मंडपाबाहेर चहा घेताना किराणा मोठे की जयपूर मोठे यावर चालणारे वाद ऐकत मी वाढले. आपल्या श्रोत्याचा कान इथल्या श्रोत्याच्या कानापेक्षा तयार असतो असे माझे आजही मत आहे. एखादा निषाद किंचित उतरलेला आहे हे आपल्याकडचा निवृत्त पोस्टमास्तरही सांगू शकतो. परंतु आपले वाद बहुतेक आठवणींवर आणि भक्तीवर चालतात. इथे प्रत्येक आठवणीला तारखेची जोड लागते, आणि ही शिस्त आपण उचलायला हरकत नाही. म्हणूनच या शिस्तप्रिय मंडळींनी एक अख्खे वर्ष वादाबाहेर ठेवावे, हे मला जास्त लागले.

५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या ओडियनमध्ये क्लॅप्टन यांचा कार्यक्रम होता. मद्यधुंद अवस्थेत, गाण्यांच्या मध्ये, मंचावरच्या माइकवरून त्यांनी श्रोत्यांत परदेशी लोक कोण आहेत असे विचारले, स्थलांतरितांना विरोध करणारे राजकारणी इनॉक पॉवेल यांचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले आणि बाहेरून आलेल्यांना या देशातून घालवून द्यावे, अशा अर्थाचे भाषण केले. पॉवेल यांनी आपले कुप्रसिद्ध भाषण १९६८ मध्ये याच बर्मिंगहॅममध्ये केले होते. क्लॅप्टन बोलले त्याच्या दोनच महिने आधी, म्हणजे जूनमध्ये, साउथॉलच्या रस्त्यावर गुरदीपसिंग चग्गर या तरुण विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला होता. साउथॉल हेस्टनला लागूनच आहे. मी ज्या दुकानांतून बासमती आणि हिंग घेते, त्यांतल्या कित्येकांच्या वडिलांनी तो उन्हाळा काढलेला आहे आणि संध्याकाळी पोरांना घरात कोंडून ठेवावे लागे, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलेले आहे. शिवाय ज्या माणसाने हे भाषण केले, त्याची सगळी विद्या मिसिसिपी आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांकडून आलेली होती, आणि दोनच वर्षांपूर्वी त्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेणारे गाणे जमैकाच्या बॉब मार्ली यांचे होते.

बैठकीतला युक्तिवाद असा, की हे सारे खरे असले तरी त्याचा गिटारवादनाशी काय संबंध? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटला असता, जर तोच नियम सर्वांना सारखा लागला असता तर. त्याच संध्याकाळी क्लॅप्टनपक्षाच्या एका सभासदाने यार्डबर्ड्‌स सोडण्याचा प्रसंग रंगवून सांगितला आणि पैसा समोर असताना तत्त्वासाठी बँड सोडणारा वादक तो हाच, असा त्याचा गौरव केला. बँड सोडणे कोणत्या रेकॉर्डवर ऐकू येते? नंतर पेज यांच्यावर चर्चा घसरली तेव्हा झेपलिनने शिकागोचे ब्लूज गीतकार विली डिक्सन यांचे शब्द घेतले आणि श्रेय दिले नाही, त्यावरून खटला झाला आणि १९८७ मध्ये तो तडजोडीने मिटला, हे तिथे सविस्तर सांगण्यात आले. श्रेयाचा तो वाद योग्यच आहे आणि मी पेज यांची त्यात बाजू घेणार नाही. पण तोही रेकॉर्डबाहेरचाच. म्हणजे १९६५ चे तत्त्व वादकाच्या खात्यात जमा धरायचे, १९८७ ची तडजोड दुसऱ्याच्या खात्यात नावे टाकायची आणि १९७६ चे भाषण मात्र हिशेबातच घ्यायचे नाही, हा नियम म्हणता येत नाही. हे सोयीने केलेले मौन आहे, आणि ते मौन नेमके आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या विषयावर पाळले जाते, याचे मला वाईट वाटते.

आपल्याकडेही ‘गाणे ऐका, माणूस कशाला पाहता’ असे म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा इंग्रजांनाच का बोल लावायचा, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे, की घरात किंवा दारूच्या नशेत चार मित्रांत बोललेली गोष्ट वेगळी आणि तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर मंचावरून बोललेली गोष्ट वेगळी. क्लॅप्टन यांचे भाषण दोन गाण्यांच्या मध्ये झाले, ते त्या कार्यक्रमाचाच भाग होते. त्याचा परिणामही संगीताच्या जगातच झाला. त्या भाषणाबद्दल कळल्यावर काही संतप्त श्रोत्यांनी संगीतविषयक साप्ताहिकांना पत्र लिहिले आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून हजारो तरुण चालत व्हिक्टोरिया पार्कपर्यंत गेले आणि तिथे द क्लॅश, स्टील पल्स यांसारखे बँड त्यांच्यासाठी वाजले. इंग्रजी रॉकचा इतिहास सांगताना हे वगळायचे म्हटले, तर त्यातले एक पानच फाडावे लागेल.

बैठक संपल्यावर जिन्यात एक वयस्कर सभासद थांबले होते. ते कट्टर क्लॅप्टनपंथी, संध्याकाळभर माझ्या विरुद्ध बोललेले. त्यांनी आपल्या कॅनव्हासच्या पिशवीतून एक डबी काढली आणि तिच्यातला बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला : वर्तुळात पाच टोकांचा तारा, कडेचा रंग खरवडलेला, मागची टाचणी गंजून वाकलेली. १९७८ च्या त्या मोर्चात ते स्वतः चालले होते, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांनी क्लॅप्टन यांच्या सगळ्या रेकॉर्ड विकून टाकल्या होत्या. पुढे त्या त्यांनी एकेक करून पुन्हा विकत घेतल्या. तुम्ही बोललात ते बोलायलाच हवे होते, इतकेच म्हणून ते खाली उतरले. त्यांच्या या वाक्याने मला जेवढा धीर आला, तेवढा एखाद्या जाहीर माफीने आला नसता. क्लॅप्टन यांनी मधल्या काळात पॉवेल यांची पाठराखणही केली होती. त्या भाषणाची आपल्याला लाज वाटते असे ते स्पष्टपणे म्हणाले, ते फार उशिरा, २०१८ च्या सुमारास. ते म्हणाले हे चांगले झाले आणि मी ते मोजते.

इंग्रज ब्लूज वादक जॉन मेयॉल यांच्याबरोबरची क्लॅप्टन यांची १९६६ ची रेकॉर्ड माझ्या कपाटात आहे आणि ती तिथून हलणार नाही. लेस पॉल गिटार मार्शल अँप्लिफायरला जोडून, स्टुडिओच्या तंत्रज्ञांना नकोसे होईल इतक्या मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट त्यांनी तेव्हा धरला आणि इंग्रजी गिटारचा आवाज कायमचा बदलला. हे श्रेय त्यांचेच आहे. ती रेकॉर्ड ऐकण्यात मला काही विसंगती वाटत नाही, कारण मी ती ऐकताना काहीही विसरायचे ठरवलेले नसते.

तिघांत निवड करायची झाली तर माझा कौल बेक यांना आहे, आणि तो केवळ त्यांचे वर्तन निर्मळ होते म्हणून नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची नखी, सोडून दिले. २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्‌स क्लबमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात त्यांचा फक्त उजवा हात पाहावा. अंगठा तार छेडतो, करंगळी आवाजाच्या बटणाला वेटोळे घालून स्वर शून्यातून वर आणते आणि त्याच वेळी तळहाताने धरलेली व्हॅमी दांडी, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी, तो स्वर हलकेच खाली दाबून पुन्हा उचलते. आपण ज्याला मींड म्हणतो ती पडदे असलेल्या वाद्यावर, धातूच्या एका दांडीने, त्यांनी साधली. क्लॅप्टन वाक्ये वाजवतात, पेज वास्तू उभारतात. बेक यांची गिटार गाते, आणि गायकीवर पोसलेल्या माझ्या कानाला हेच सर्वांत जवळचे वाटते. बैठकीत यावर आक्षेप असा येतो, की बेक यांनी लोकांच्या ओठांवर राहतील अशी गाणी दिली नाहीत. गाणी मोजूनच वादक ठरवायचा असेल तर वादच संपला.

याच बेक यांच्या एका वादनात आपला वाटा आहे, आणि तो इथे क्वचितच सांगितला जातो. १९६५ मध्ये यार्डबर्ड्‌सच्या ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी सतारवादकाला स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण झाले होते. सतारीचा आवाज बँडच्या गदारोळात पुरेसा उठेना, तेव्हा बेक यांनी फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारे उपकरण, लावून गिटारवरच तो आकृतिबंध सतारीच्या वळणाने वाजवला आणि तीच आवृत्ती जूनमध्ये बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात द किंक्स या बँडचे ‘सी माय फ्रेंड्‌स’ आले. ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत मुक्काम पडला असता पहाटे समुद्राकडे जाणाऱ्या कोळ्यांचे गाणे त्यांचे गायक रे डेव्हिस यांच्या कानांवर पडले होते आणि हे गाणे त्यातूनच सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. बीटल्सची सतार ऐकू आली ती त्या डिसेंबरात. तरीही इथल्या वादात भारतीय सुरांचा प्रवेश म्हटले की बीटल्सवरच बोट ठेवले जाते. किंक्सपंथी आणि यार्डबर्ड्‌सपंथी यांचे त्यावर जुने भांडण आहे, आणि त्या भांडणात आमच्या मुंबईच्या कोळ्यांना साक्षीला बोलवायला कोणी तयार नसते.

पेज यांचेही मुंबईचे प्रकरण आहे. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ते आणि झेपलिनचे गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, त्यांनी तिथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्‌स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच गाणी नव्याने मुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या नाइटक्लबात ते वाजवूनही गेले. ही ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे बाहेर पडायला २०१५ उजाडले. मी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा बैठकीतल्या झेपलिनपंथीयांनी ती रेकॉर्ड शोधून आणली आणि तबल्याच्या ठेक्यावर दोन्ही गटांत भांडण जुंपले, हे मला फार आवडले.

हे शत्रुत्व मूळचे श्रोत्यांचे आहे, वादकांचे नाही, हे मात्र बैठकीत सगळ्यांनाच मान्य असते. बेक आणि पेज किशोरवयापासूनचे मित्र. बेक यांनी दिलेल्या टेलिकास्टरवरच पेज यांनी झेपलिनच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातला एकल तुकडा वाजवला. १९८३ मध्ये आजारी बासवादक रॉनी लेन यांच्यासाठी तिघेही रॉयल अल्बर्ट हॉलच्या मंचावर एकत्र आले. जानेवारी २०२३ मध्ये बेक गेले आणि मे महिन्यात त्याच सभागृहात त्यांच्या स्मरणार्थ दोन रात्री कार्यक्रम झाले, ते क्लॅप्टन यांनी पुढाकार घेऊन घडवून आणले. हेही रेकॉर्डबाहेरचेच, आणि बैठकीत ते सर्वांनी मान डोलावून ऐकले.

पुढच्या बैठकीसाठी मी ‘हार्ट फुल ऑफ सोल’च्या दोन्ही आवृत्त्या नोंदवल्या आहेत, सतारीची पुष्कळ नंतर प्रसिद्ध झाली, तरी आधी तीच लावायची आहे आणि तिच्यामागून बेक यांची. नियमाबद्दलही बोलायचे आहे. तो सर्वांना सारखा लावा किंवा काढून टाका, एवढीच माझी मागणी असेल, आणि तिला अनुमोदन देणारे एक गृहस्थ मला आधीच मिळालेले आहेत.