शांततेची मोजपट्टी आणि भांडखोर पोरी

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला शिकवते आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते. शाळा, घर, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं आणि त्यातून उरेल ते संशोधन. विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. त्याला सामाजिक न्याय आणि शांतता शिक्षण अशी दोन्ही टोकं जोडली आहेत. सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आधी एक काय ते ठरवा मॅडम. न्याय की शांतता?"

प्रश्न वाटतो तितका वाकडा नाही. आपल्याकडे शांतता शिक्षण म्हटलं की प्रार्थना, मौन, मूल्यशिक्षणाचा तास आणि भिंतीवरचं पांढरं कबूतर. खरं तर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी शांतता शिक्षणावर वेगळा अभ्यासगट नेमला होता. बी.एड.ला आम्ही त्याबद्दल दहा गुणांचं उत्तर लिहिलं आणि पुढे गेलो. योहान गाल्टुंग हे नाव कळलं ते कोर्सवर्कला. नॉर्वेचा हा अभ्यासक १९६९ साली म्हणून गेला की मारामारी थांबली म्हणजे निम्मीच शांतता आली. कुणी हात उगारत नाही, पण व्यवस्थाच अशी की काही माणसांचं आयुष्य खुरटतं, तर तीही हिंसाच. वाचलं आणि मला आमचं नोव्हेंबरचं हजेरीपत्रक आठवलं.

दसरा झाला की गावात गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट कर्नाटक. परत येतात ते गाळप संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुलं मागे राहतात, हंगामी वसतिगृहाची सोय होते. जी जातात त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. कार्ड दप्तरात असतं आणि पोरगी उसाच्या फडावर, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण फडावरून शाळा लांब आणि भाऊ लहान, याला कायद्यात कलम नाही. मागे राहिलेला वर्ग मात्र एकदम शहाणा होतो. गलका नाही, बाकावरून भांडणं नाहीत. तपासणीला येणारे खूश होतात, शिस्त चांगली आहे म्हणतात. निम्मी पोरं नाहीतच, तर भांडणार कोण?

असो. मुद्दा साधनाचा. पीएच.डी.त 'साधन' म्हणजे माहिती गोळा करायची प्रश्नावली वगैरे. समितीने सुचवलं की तयार, प्रमाणित अशी शांतता-वृत्ती श्रेणी वापरा, वेळ वाचेल. पाच पर्याय, पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत. मला ती पहिल्या वाचनातच खटकली होती, म्हणून आधी आमच्याच सातवीवर चाचणी घेतली. विधानं अशी: 'मी कधीही कोणाशी भांडत नाही.' 'मोठ्यांचं म्हणणं पटलं नाही तरी मी वाद घालत नाही.' 'मला राग आला तरी मी गप्प राहतो/राहते.'

वर्गात पेन्सिली चालू. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने हात वर केला. आईबापाबरोबर दोन हंगाम फडावर काढलेली पोर.

"मॅडम, मुकादमाला भांडलेलं धरायचं का?"

मी म्हटलं, "तू भांडलीस?"

"म्या नाही, माझ्या आईनं. वाढे इकायला घेऊन चाललो तर त्यानं अडवलं. मग म्या बी बोलले."

वाढे म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांचा चारा. ते विकून टोळीतल्या बायकांना रोजचा भाजीपाल्याचा खर्च सुटतो. तेवढ्या पैशांसाठी ही बारा-तेरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसासमोर उभी राहिली. श्रेणीप्रमाणे तिला सगळ्यांत कमी गुण. सगळ्यांत जास्त कुणाला मिळाले तेही सांगते: मारलं तरी तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका मुलीला. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे की तिचं लग्न घरच्यांनी आताच बोलून ठेवलंय. ही मोजपट्टी शांतता मोजतेय की मुकाट्याने सोसणं?

त्या रात्री मुक्ताबाईचा निबंध पुन्हा काढून वाचला. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी. वय जेमतेम चौदा. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांवर काय काय गुदरलं ते ती एकामागून एक मांडते आणि विचारते, वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म तरी कोणता? आमच्या श्रेणीत मुक्ताबाई साफ नापास झाली असती. ज्या शाळेने तिला असं लिहायला शिकवलं, ती शाळाही नापास. मला तर आपल्याकडचं शांतता शिक्षण तिथूनच सुरू झालं असं वाटतं, कबुतरांपासून नाही. समितीतल्या सरांना हे पटेल का, शंका आहे. त्यांना सांख्यिकी लागते, आणि ते चूक नाहीत.

म्हणून साधन नव्याने करायला घेतलंय. सरळ विधानांऐवजी प्रसंग ठेवलेत: वाटणीत तुझ्या मैत्रिणीला कमी मिळालं, तू काय करशील? वाढे अडवले, तर कुणाला सांगशील? गप्प बसणं, मारामारी करणं, बोलणं, चौघांना गोळा करणं, हे सगळं वेगवेगळं नोंदवायचं. माझ्या गाइड मॅडमनी मसुदा पाहिला आणि लाल पेनाने एवढंच लिहिलं: "विश्वसनीयता कशी काढणार?" हे त्यांचं बरोबर आहे. पुन्हा क्रॉनबॅक अल्फाशी, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याशी, झटापट.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि बायकांना वर दोन वर्षांची सवलत. सुरुवातीला मला ती सवलत उपकारासारखी वाटायची. आता वाटतं, ज्यांची मुलंच सहा महिने जिल्ह्याबाहेर असतात त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्याला ती सरसकट द्यायला हवी. नमुना म्हणून निवडलेली मुलं पूर्वचाचणीला असतात, उत्तरचाचणीला कारखान्यावर.

त्यामुळे यंदा दिवाळीच्या सुट्टीत मीच तिकडे जातेय. मुलाखतींची वेळ काही जुळेना. तोड पहाटे अंधारात सुरू होते आणि भरायला गाडी रात्री दोनलाही येते. शेवटी वाढेवाल्या पोरीच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "या की मॅडम. पण बसून बोलायला टाइम नाही व्हायचा. मोळ्या बांधता बांधता इचारा काय इचारायचं ते."